सशाची किंकाळी आणि तिला आलेली उत्तरे

१/
१२ ऑगस्ट १८०४. मिसुरी नदीच्या प्रवाहाविरुद्ध निघालेली लुईस आणि क्लार्क यांची मोहीम आजच्या आयोवा आणि नेब्रास्का या राज्यांच्या सीमेवर पोहोचली होती. त्या संध्याकाळी लांडग्यासारखा दिसणारा एक प्राणी काठाजवळ आला आणि बंदुका बाळगणाऱ्या या पाहुण्यांवर चक्क भुंकू लागला. मंडळींनी त्याला टिपण्याचा प्रयत्न केला, पण तो हाती लागला नाही. रोजनिशीत त्याची नोंद ‘प्रेअरीवरचा लांडगा’ अशी झाली. पुढे जग त्याला कायोटी म्हणू लागले. #थ्रेड

२/
या प्राण्याच्या शिकारीची अमेरिकेत एक स्वतंत्र विद्या आहे. शिकारी माग काढत फिरत नाही. तो झुडपाला पाठ लावून बसतो, ओठांशी एक छोटी शिट्टी धरतो आणि जखमी सशाची किंकाळी काढतो. कायोटी आपल्या पायांनी चालत येतो. नवशिक्याला आजही पाच धडे दिले जातात: वारा, आडोसा, आवाज, धीर आणि ओळख. या प्रत्येक धड्यामागे इतिहास आहे. पाचवा धडा ऐकायला सर्वांत सोपा वाटतो, पण तो चुकू लागला तेव्हा एक संपूर्ण प्रजाती पणाला लागली.

३/
आधी नावाविषयी. ‘कायोटी’ हा शब्द मेक्सिकोतील नाहुआत्ल भाषेतील ‘कोयोत्ल’ या शब्दावरून स्पॅनिशमार्गे इंग्रजीत आला. मेक्सिको शहरातील कोयोआकान या भागाच्या नावात तोच शब्द आहे. तेश्कोकोचा विख्यात राजा नेसाव्हलकोयोत्ल (१४०२–१४७२) याच्या नावाचा अर्थ ‘उपाशी कायोटी’. ॲझ्टेक दैवतांत व्हेव्हेकोयोत्ल, म्हणजे ‘म्हातारा कायोटी’, हा नाचगाण्याचा आणि खोड्यांचा देव होता. उत्तरेकडे नावाहो लोकांच्या कथांत तोच प्राणी ‘माई’ या नावाने सर्वांना फसवतो आणि स्वतःही फसतो. गोऱ्या वसाहतवाल्यांच्या आधी हजारो वर्षे या खंडातील माणूस कायोटीकडे आपल्याच स्वभावाचा आरसा म्हणून पाहत होता.

४/
विज्ञानाने त्याला नाव दिले तेही आवाजावरूनच. १८१९–२० मध्ये मेजर लाँग यांच्या मोहिमेचा हिवाळी तळ आजच्या ओमाहा शहराच्या उत्तरेस होता. तेथे निसर्ग अभ्यासक टिशियन पील याने नाना प्रकारचे सापळे लावून पाहिले आणि कायोटींनी त्यांतील बहुतेक निष्फळ ठरवले. मोहिमेतील प्राणिशास्त्रज्ञ टॉमस से यांनी १८२३ मध्ये या प्राण्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले आणि त्याला ‘कॅनिस लॅट्रान्स’ असे नाव दिले. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ ‘भुंकणारा श्वान’.

५/
आवाजाने माणूस किती फसतो, याची एक गोष्ट युलिसिस ग्रँट यांच्या आठवणींत आहे. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले ग्रँट १८४५ च्या सुमारास तरुण लष्करी अधिकारी म्हणून टेक्सासमधून प्रवास करत होते. उंच गवतापलीकडून लांडग्यांचा भयंकर कल्लोळ ऐकू आला. सोबत्याने विचारले, किती असतील? आपण आकडा फुगवत नाही हे दाखवण्यासाठी ग्रँट यांनी अंदाज केला, वीस. जवळ जाऊन पाहिले तर अवघे दोन लांडगे बसलेले. पुढे राजकारणात तक्रारखोरांचा गलबला कानी पडला की त्यांना हा प्रसंग आठवे. मोजणी होईपर्यंत अशी मंडळी नेहमीच संख्येने जास्त भासतात, असा त्यांचा निष्कर्ष होता.

६/
दोघांनी वीसांचा भास निर्माण करण्याची ही कला कायोटीलाही अवगत आहे. त्याचा सूर सतत चढउतार घेतो, मध्येच तुटतो, पुन्हा उसळतो, आणि टेकड्यांवरून आलेला प्रतिध्वनी त्यात मिसळतो. महाराष्ट्रातील माळावर रात्री कोल्हेकुई ऐकलेल्या माणसाला याची कल्पना सहज येईल. १९७८ मध्ये फिलिप लेनर या संशोधकाने कायोटीच्या ११ वेगवेगळ्या आवाजांची सूची मांडली: गुरगुरणे, भुंकणे, एकट्याचे हुकणे, टोळीचे एकत्र हुकणे इत्यादी. टेक्सासचे लोकसाहित्यकार जे. फ्रँक डोबी यांनी तर १९४९ मधील आपल्या ग्रंथाचे नावच ‘द व्हॉइस ऑफ द कायोटी’ असे ठेवले होते.

७/
राज्यसंस्थेला मात्र हा आवाज ऐकण्यात रस नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पश्चिमेकडील कुरणे गुराढोरांनी आणि मेंढ्यांनी भरली. कायोटी कोकरे मारतो ही मेंढ्यांच्या मालकांची तक्रार खोटी नव्हती. लहान कळप बाळगणाऱ्याला वसंत ऋतूतील काही रात्री वर्षाच्या मिळकतीला मुकवू शकत. १९१५ मध्ये अमेरिकी काँग्रेसने हिंस्र प्राण्यांच्या निर्मूलनासाठी १,२५,००० डॉलर मंजूर केले आणि ‘ब्युरो ऑफ बायॉलॉजिकल सर्व्हे’ या खात्याने पगारी शिकारी नेमले. पहिले लक्ष्य लांडगा होता. यलोस्टोन उद्यानातील जुन्या वंशाचे अखेरचे लांडगे १९२६ मध्ये मारले गेले. मग मोर्चा कायोटीकडे वळला.

८/
या मोहिमेसाठी डेन्व्हर येथे चालणाऱ्या सरकारी प्रयोगशाळेचे नावच ‘निर्मूलन पद्धती प्रयोगशाळा’ असे होते. २ मार्च १९३१ रोजी राष्ट्राध्यक्ष हूव्हर यांच्या स्वाक्षरीने प्राणी-उपद्रव नियंत्रण कायदा झाला. त्यात दरवर्षी १० लाख डॉलर याप्रमाणे दहा वर्षांच्या खर्चाची तरतूद होती. स्ट्रिकनीन भरलेले चरबीचे गोळे माळरानावर पेरले गेले. १९४० च्या दशकात ‘१०८०’ या क्रमांकाने ओळखले जाणारे सोडियम फ्लुरोॲसिटेट आले. घोड्याच्या किंवा मेंढीच्या शवात ते टोचून शव उघड्यावर ठेवले जाई. विषाला कान नसतात. त्याला कोल्हा, गरुड, बिज्जू किंवा पाळीव कुत्रा यांतला फरक कळत नव्हता.

९/
विरोध झाला तो शास्त्रज्ञांकडून. अमेरिकेच्या सस्तनप्राणी अभ्यासक मंडळात १९२४ पासूनच या विषप्रयोगावर खडाजंगी सुरू होती. १९४० मध्ये ॲडॉल्फ म्युरी यांचा यलोस्टोनमधील कायोटींवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी विष्ठेचे पाच हजारांहून अधिक नमुने तपासले होते. कायोटीच्या आहारात उंदीरवर्गीय प्राणी आणि कीटक यांचा मोठा वाटा आढळला. एल्क हरणांचे मांस बव्हंशी मेलेल्या जनावरांचे होते. हरणांचे कळप कायोटीमुळे घटत नव्हते. निर्मूलन खात्यातील उच्चाधिकारी स्टॅन्ली यंग यांनी १९५१ मध्ये सहलेखकासह लिहिलेल्या ग्रंथाचे नाव ‘द क्लेव्हर कायोटी’ असे आहे. शत्रूच्या हुशारीला खात्याने दिलेली ती कबुलीच होती.

१०/
याच काळात, विषाच्या मोहिमेला समांतर, हाक देण्याची विद्या वाढत होती. ती मुळात नवी नव्हती. पक्ष्याचा किंवा पाडसाचा आवाज काढून सावज जवळ आणणे उत्तर अमेरिकेतील मूलनिवासी शिकाऱ्यांना फार पूर्वीपासून ठाऊक होते. महाराष्ट्रातील फासेपारधीही तित्तिराला तित्तिराच्या आवाजाने फाशांपर्यंत आणत आले. हिंस्र प्राण्याला बोलावताना मात्र युक्ती उलटी होते. तेथे जोडीदाराची हाक द्यायची नसते, भक्ष्याचा आक्रोश काढायचा असतो. ससा एरवी जवळजवळ मुका असतो. शिकाऱ्याच्या दाढेत सापडल्यावरच तो किंचाळतो. म्हणून त्या किंकाळीचा अर्थ रानातील प्रत्येक मांसाहारी प्राण्याला एकच कळतो: कोणीतरी शिकार पकडली आहे आणि ती अजून जिवंत आहे.

११/
टेक्सासच्या डोंगराळ भागातील मॉर्टन बर्नहॅम यांना विसाव्या शतकाच्या आरंभी तोंडानेच हा आवाज काढून कोल्हे बोलावण्याची हातोटी होती. मरी आणि विन्स्टन या त्यांच्या मुलांनी ती कला उचलली आणि १९५० च्या दशकात मार्बल फॉल्स या छोट्या गावातून शिट्ट्या टपालाने विकण्याचा व्यवसाय उभा केला. एका कुटुंबाचे कसब अशा रीतीने देशभरच्या छंदिष्टांच्या खिशात गेले. त्याआधी, १९४६ मध्ये, ‘जर्नल ऑफ मॅमॉलॉजी’ या शास्त्रीय नियतकालिकात जे. आर. अल्कॉर्न यांचा कायोटींना भुलवून जवळ आणण्याविषयीचा लेख आला होता. शिकाऱ्यांच्या गप्पांतील विषयाला अभ्यासाचे दार उघडले होते.

१२/
ही शिट्टी म्हणजे लाकडाची किंवा प्लास्टिकची बोटभर नळी. एका प्रकारात धातूची पातळ पत्ती नळीच्या आत बंद असते. बाजाच्या पेटीतील सुराप्रमाणे ती फुंकेने थरथरते आणि ठरलेला आवाज देते. नवशिक्याला हीच देतात, कारण ती सहसा चुकत नाही. दुसऱ्या प्रकारात पत्ती उघडी असते. ओठ किंवा दात तिच्यावर पुढेमागे सरकवून उंदराच्या चिवचिवीपासून कायोटीच्या हुकण्यापर्यंत आवाज काढता येतात, पण त्यासाठी सनईवादकासारखा रियाज लागतो. लहान कॉटनटेल सशाचा आवाज तीक्ष्ण असतो, तर मोठ्या जॅकरॅबिटचा घोगरा. हा जॅकरॅबिट आपल्या माळावरच्या सशाचा जवळचा नातलग. दोघेही लेपस या एकाच कुळातले.

१३/
पहिला धडा: वारा. कायोटी कानाने दिशा ओळखतो, पण विश्वास नाकावर ठेवतो. आवाज ऐकून तो सरळ धावत येईलच असे नाही. पुष्कळदा तो मोठा वळसा घेतो आणि वारा ज्या बाजूला वाहत जातो त्या बाजूला पोहोचतो, म्हणजे किंचाळणाऱ्या सशाचा वास आधी घेता येतो. तेथे त्याला माणसाचा वास आला की खेळ संपला. म्हणून बसणाऱ्याने वारा तोंडावर किंवा कुशीवर घ्यायचा आणि वाऱ्याच्या खालच्या अंगाला मोकळी जमीन राहील अशी जागा निवडायची. कायोटीला वळसा घेण्यापासून कोणी रोखू शकत नाही. तो वळसा घेताना दिसावा, एवढीच व्यवस्था करता येते.

१४/
दुसरा धडा: आडोसा. गाडी दूर, उताराआड उभी करायची आणि तिचे दार आपटायचे नाही. टेकडीच्या माथ्यावरून चालायचे नाही, कारण आकाशाच्या पार्श्वभूमीवर माणसाची आकृती मैलभरावरून ओळखू येते. बसताना झुडूप पुढ्यात नको, पाठीशी हवे. पुढे झुडूप असले की नजर अडते; पाठीशी असले की देहाची कडा त्यात विरून जाते. सूर्य पाठीमागे असावा. कपड्यांच्या रंगापेक्षा हालचाल अधिक घात करते. जुने शिकारी सांगत आले की कायोटी स्थिर माणसाला झाडाचे खोड समजेल, पण मान वळवणाऱ्या खोडाला क्षमा करणार नाही.

१५/
तिसरा धडा: आवाज. सुरुवात हळू करायची. एखादा कायोटी पन्नास पावलांवर झोपलेला असला तर पहिल्याच कर्कश किंकाळीने तो उलट पळेल. अर्धा-एक मिनिट आवाज, मग दोन-तीन मिनिटे स्तब्धता, मग थोडा चढा आवाज. खरा ससा अखंड किंचाळत नाही. त्याचा दम तुटतो. ऋतूनुसार भाषाही बदलते. जानेवारी-फेब्रुवारीत, जोड्या जमण्याच्या काळात, एकट्या कायोटीच्या हुकण्याला उत्तर मिळते. वसंतानंतर पिल्लाचा कळवळा काढला तर आई आणि बाप दोघेही धावत येतात. या शेवटच्या युक्तीबद्दल शिकाऱ्यांतही एकमत नाही. बिळात पिल्ले असताना ती वापरणे अनेकांना गैर वाटते.

१६/
चौथा धडा: धीर. काही कायोटी पहिल्या पाच मिनिटांतच येतात आणि त्यामुळे नवशिका लवकर उठतो. एका जागी निदान पंधरा-वीस मिनिटे बसावे, मोकळ्या प्रदेशात अर्धा तास, आणि बॉबकॅट हा रानमांजराचा प्रकार अपेक्षित असेल तर त्याहूनही अधिक, अशी शिकवण आहे. उठण्यापूर्वी पुन्हा एकदा चहूकडे नजर फिरवावी. शिवाय एकाच जागी वारंवार तीच शिट्टी वाजवू नये. ज्या कायोटीने फसवणूक पाहिली आणि जो निसटला, तो त्या आवाजाला पुन्हा सहजी भुलत नाही. शिकारी त्याला ‘शिकलेला’ म्हणतात. शिकारीची शाळा दोन्ही बाजूंना चालू असते.

१७/
१९६० च्या दशकात या विद्येचे यंत्र झाले. टेक्सासमधील वेको येथील जॉनी स्ट्युअर्ट यांनी प्राण्यांच्या प्रत्यक्ष आवाजांच्या तबकड्या काढल्या. शिकारी छोटा ग्रामोफोन घेऊन रानात बसू लागले. पुढे कॅसेट आल्या, मग दूरनियंत्रकावर चालणारे अंकीय भोंगे आले. फुंकेची साधना मागे पडली आणि आवाज माणसापासून शंभर पावले दूर ठेवता येऊ लागला. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात लांब केसांच्या फरला बाजारात मोठा भाव आला. कायोटीचे कातडे अचानक किमती ठरले आणि हा छंद पुष्कळांसाठी हिवाळ्यातील जोडधंदा झाला.

१८/
याच दशकात विषाची गोष्टही बदलली. ८ फेब्रुवारी १९७२ रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी कार्यकारी आदेश काढून संघराज्याच्या जमिनींवर हिंस्र प्राण्यांसाठी विष वापरण्यास मनाई केली. पुढील काळात या आदेशाला पुष्कळ फाटे फुटले आणि सरकारी मोहीम थांबली नाही. योगायोगाने त्याच वर्षी भारताचा वन्यजीव संरक्षण कायदा झाला. त्याच्या अनुसूचींमुळे आज आपल्याकडील कोल्ह्याची शिकार हा गुन्हा आहे. अमेरिकेतील बहुतेक राज्यांत मात्र कायोटीच्या शिकारीला आजही वर्षभर मुभा आहे. एकट्या संघराज्य सरकारच्या ‘वाइल्डलाइफ सर्व्हिसेस’ या यंत्रणेकडून अलीकडच्या काळात दरवर्षी सुमारे ६०,००० कायोटी मारले जातात.

१९/
तरीही कायोटी संपला नाही, उलट पसरला. १९७२ मध्ये फ्रेडरिक नोल्टन यांनी टेक्सासमधील निरीक्षणांवरून दाखवले की जेथे कायोटी विरळ झाले तेथे एका वेतातील पिल्लांची संख्या सरासरी चारवरून सातच्या आसपास जाते. १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातील कॉनोली आणि लाँगहर्स्ट यांनी गणिती प्रतिमान मांडले: दरवर्षी ७५ टक्के कायोटी मारत राहिल्यास निर्मूलनाला ५० वर्षांहून अधिक काळ लागेल. लांडगा नाहीसा झाल्याने रिकाम्या झालेल्या प्रदेशांतून कायोटी अटलांटिकच्या किनाऱ्यापर्यंत गेला. २००६ मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये एक कायोटी पकडावा लागला. आज हवाई वगळता अमेरिकेच्या सर्व राज्यांत त्याचे वास्तव्य आहे.

२०/
हा आकड्यांचा पराभव शिकाऱ्यांच्या समाजातही वादाचा विषय झाला. ठरावीक वेळेत सर्वाधिक कायोटी मारणाऱ्याला बक्षीस देणाऱ्या स्पर्धा पश्चिमेत जुन्या आहेत. २०१४ मध्ये कॅलिफोर्नियाने अशा स्पर्धांतील बक्षिसांवर बंदी घातली. त्यानंतर २०१८ मध्ये व्हर्माँट, २०१९ मध्ये न्यू मेक्सिको आणि पुढे आणखी काही राज्यांनी हाच मार्ग धरला. कोकरू गमावलेला मेंढपाळ विशिष्ट कायोटीच्या मागे असतो. स्पर्धेतील नेमबाज कोणत्याही कायोटीच्या मागे असतो. या दोघांना एकाच मापाने मोजू नये, असे म्हणणाऱ्यांत शिकारीही होते.

२१/
आता पाचवा धडा: ओळख. जो आला तो कोण, हे पक्के झाल्याशिवाय बोट घोड्यावर जाऊ द्यायचे नाही. सशाची किंकाळी ही कोणा एकाच्या नावाने धाडलेली चिठ्ठी नसते. ती कोल्हा ऐकतो, घुबड ऐकते, शेजारच्या शेतावरचा कुत्राही ऐकतो. अमेरिकेच्या आग्नेयेस तांबडा लांडगा नावाचा एक प्राणी आहे. तो करड्या लांडग्याहून लहान आणि कायोटीहून मोठा. पण त्याचे वयात येणारे पिल्लू आणि मोठ्या चणीचा कायोटी यांत झटकन फरक करणे अनुभवी डोळ्यालाही जड जाते. विषप्रयोग, बंदूक आणि जंगलतोड यांनी १९७० पर्यंत तो टेक्सास-लुइझियानाच्या किनारपट्टीच्या एका कोपऱ्यात उरला होता आणि तेथे कायोटींशी त्याचा संकर होऊ लागला होता.

२२/
शुद्ध तांबडे लांडगे वेगळे काढण्यासाठी शास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात सुमारे ४०० प्राणी पकडले. कवटीची मापे घेतली, क्ष-किरण चित्रे काढली, आणि आवाजही तपासला. रात्री हाक द्यायची आणि येणारे उत्तर लांडग्याचे की कायोटीचे हे ऐकायचे. ज्या विद्येने कायोटी बंदुकीपुढे आणले जात, तीच विद्या येथे एका वंशाला शोधून वाचवण्यासाठी वापरली गेली. अखेर अवघे १४ प्राणी पुढील पिढ्यांचे पूर्वज ठरले. १९८० मध्ये तांबडा लांडगा रानातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले. १९८७ मध्ये बंदिवासात वाढलेल्या जोड्या नॉर्थ कॅरोलायनातील ॲलिगेटर रिव्हर अभयारण्यात सोडल्या गेल्या आणि हळूहळू त्यांचा वंश शंभराच्या वर गेला.

२३/
तोवर कायोटीही पूर्वेकडे सरकत त्याच प्रदेशात पोहोचला होता. २०१२ मध्ये नॉर्थ कॅरोलायना राज्याने प्रकाशझोत टाकून रात्री कायोटी मारण्यास परवानगी दिली. अंधार, लांबवर चमकणारे दोन डोळे, आणि ते डोळे कोणाचे हे ठरवायला काही क्षण. कायोटी समजून तांबड्या लांडग्यांवर गोळ्या झाडल्या जाऊ लागल्या, तेव्हा प्राणिसंरक्षक संस्था न्यायालयात गेल्या. मे २०१४ मध्ये संघराज्याच्या न्यायाधीशांनी लांडग्यांचा वावर असलेल्या पाच परगण्यांत कायोटीच्या शिकारीला जवळजवळ पूर्ण स्थगिती दिली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये समझोता झाला: रात्रीची शिकार बंद, दिवसा केवळ परवान्याने. नुकसान मात्र बरेच झाले होते. २०२० पर्यंत रानात ज्ञात तांबडे लांडगे विसाच्याही खाली आले होते. त्यामागे इतर कारणेही होती, पण बंदुकीची गोळी हे त्यांतील प्रमुख होते.

२४/
१८०४ मध्ये नदीकाठी भुंकणाऱ्या त्या प्राण्यावर पहिली गोळी झाडली गेली, तेव्हा तो कोण हे झाडणाऱ्याला ठाऊक नव्हते. दोन शतकांनी नॉर्थ कॅरोलायनाच्या शेतात गोळी झाडणाऱ्यालाही पुष्कळदा ते ठाऊक नव्हते. मधल्या काळात विष, विमाने, तबकड्या आणि भोंगे आले. एवढ्या साधनांनी हाकेचा पल्ला वाढला, ओळखण्याची नजर मात्र प्रत्येक माणसाला नव्याने कमवावी लागली. तांबड्या लांडग्यांच्या गळ्यात आज नारिंगी रंगाचे पट्टे घातले जातात, ते दुरूनही ओळखू यावेत म्हणून. बर्नहॅम यांच्या काळापासून नवशिक्याला जे पाचव्या क्रमांकावर सांगितले गेले, ते नॉर्थ कॅरोलायनात लांडग्याच्या गळ्यात बांधावे लागले.